वरच्या खोलीचं दळण

गिरणीत माझ्या पुढे आमच्याच वरच्या खोलीतला मुलगा उभा होता. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पाचेक किलो ज्वारी. गिरणीवाल्याने पिशवीचं तोंड उघडून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "कुणाचं दळण?" मुलगा म्हणाला, "मेरा." गिरणीवाल्याने परत एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट करून सांगितलं, की पुढच्या वेळी ज्वारी बाहेरून आणू नको, माझ्याकडेच घे, हिच्यापेक्षा चांगली आहे. मुलगा पोत्यापाशी गेला. वाकून मूठभर दाणे घेतले, तळहातावर अंगठ्याने पसरवले, फुंकर मारून कोंडा उडवला आणि एक दाणा पुढच्या दातांखाली धरून फोडला. मान थोडी कलती करून तो आवाज ऐकत होता. दाणे पोत्यात परत टाकले, हात झटकले आणि म्हणाला, "अभी गीला है. कीड़ा लगेगा." गिरणीवाला काही बोलला नाही. त्याने स्वतःही एक दाणा तोंडात टाकला.

माझं दळण झालं, डबा घेऊन घरी आले, भाकरी झाल्या, जेवणं झाली, तरी तो दाताखालचा दाणा माझ्या डोक्यातून जाईना. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात असंच करायचे. आडत्याच्या दुकानासमोर ढीग ओतलेला असायचा, वर चढलेल्या धुळीने नाकाचा शेंडा खाजायचा, आणि वडील बाकी कुणाशी न बोलता आधी दाणा फोडायचे. कट्ट वाजला तर वाळलेली. दाताला नुसता दबला तर अजून ऊन दाखवायला हवं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, मलाही त्यांनी मुद्दाम शिकवलं नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलं की हे आपोआप अंगात येतं. पण हा मुलगा यमनचा. विद्यापीठात संगणकशास्त्रात पीएचडी करायला आलेला. आमच्या घरात राहून त्याला बराच काळ झाला होता, आणि एवढ्या काळात त्याच्याबद्दल मला जे जे माहीत झालं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यात राहणाऱ्यांना परदेशी विद्यार्थ्यांचं नवल नाही. विद्यापीठाचं गेट जवळ, मकबरा जवळ, भाडी त्यातल्या त्यात परवडणारी. यमनची, सुदानची मुलं या गल्ल्यांमधून आम्ही कधीपासून पाहतो आहोत. तरी भाडेकरू म्हणून ठेवायची वेळ आली तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बघा हं, उद्या काही झालं तर पोलीस तुमच्या दारात." माझ्याही मनात एक जुनी गाठ होती, ती मी त्यांना सांगितली नाही. माझी आजी पाथरीकडची. निजामाच्या राज्यात वाढलेली. निजामाच्या बिनकवायती फौजेत हद्रामौतहून, म्हणजे आजच्या यमनच्या पूर्व भागातून आलेले अरब होते. सावकाराच्या वसुलीला रोहिले आणि अरब दारात उभे राहायचे. आजी आम्हाला जेवू घालताना म्हणायची, "गप खा, नाहीतर अरब येईल." त्याच अरबांची पुढची पिढी म्हणजे आपल्याकडचे चाऊस. परभणीला माझ्या वर्गात चाऊस आडनावाची मुलगी होती, माझ्याइतकीच अस्सल परभणीची, चिंचा पाडण्यात माझ्याहून तरबेज. आजीचा अरब आणि माझ्या मैत्रिणीचे पणजोबा एकच असू शकतात, हे मला मोठी झाल्यावर कळलं. तरीही वरच्या खोलीची किल्ली त्या मुलाच्या हातात देताना पोटात कुठेतरी आजीचा तो घास अडकला होता. हे लपवण्यात अर्थ नाही.

परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाला चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो, आम्ही त्याला सी फॉर्म म्हणतो. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, कुठून आला, किती दिवस राहणार, इथून पुढे कुठे जाणार. सगळं ऑनलाइन. मुलाला स्वतःलाही देशात आल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, आणि पुढे दर वेळी मुदत वाढवताना विद्यापीठाचं पत्र, गाईडची सही, भाडेकरार, फोटो असं सगळं पुन्हा गोळा करावं लागतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही तो फॉर्म भरला. "यानंतर कुठे जाणार" या रकान्यापाशी तो थांबला. माझं बोट कळीवर आणि तो खिडकीबाहेर बघतोय. तो तईझचा. तेव्हा तईझला जायचं म्हणजे काय, हे मला नंतर हळूहळू समजलं. 2014 च्या सप्टेंबरात हूथी बंडखोरांनी राजधानी साना घेतलं, मार्च 2015 पासून हवाई हल्ले सुरू झाले, आणि तईझ शहर वेढ्यात सापडलं. त्याची आई शहरात, थोरली बहीण वेढ्याबाहेरच्या हौबानला. पूर्वी काही मिनिटांत जाता यायचं. रस्ता बंद झाल्यावर डोंगरातून वळसा घालून पाच-सहा तास लागू लागले. सानाचा विमानतळ 2016 च्या ऑगस्टपासून 2022 च्या मे महिन्यापर्यंत प्रवासी विमानांना बंद होता. तो आला तो एडनहून, आणि एडनला पोहोचायलाच त्याला घाटातून चौक्यांवर थांबत थांबत अख्खा दिवस लागला होता. हे सगळं त्याने मला एकदम कधी सांगितलं नाही. एखादा तुकडा जिन्यात, एखादा गच्चीवर कपडे काढताना.

सुरुवातीच्या काळातला तो माझ्या डोळ्यांसमोर आहे तो सतत विचारणारा. खाला, पाणी कब आता? आपल्या या शहरात नळाला पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा, आणि कुठल्या दिवशी किती वाजता येईल याचं एक गणित गल्लीतल्या बायकांच्या डोक्यात असतं. ते नवख्याला सांगून कळत नाही. खाला, गॅस किधर मिलता? खाला, ये नोट चलती क्या? रिक्षाला किती द्यायचे, दुकानदाराने 'हौ' म्हटलं म्हणजे होकार धरायचा का, गाईडना भेटायला जाताना काही न्यायचं असतं का. दाराबाहेर चप्पल काढून, उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून विचारायचा. मी सांगायची, तो मान डोलवायचा, कधी मोबाइलमध्ये लिहून घ्यायचा. मला ते बरं वाटायचं. मुलगा गुणी आहे, नम्र आहे, असं मी बहिणीला फोनवर सांगायची.

बहिणीची मुलगी जर्मनीत शिकते. लातूरला बारावी केलेली, गणितात अशी की गल्लीतली दहावीची पोरं संध्याकाळी वही घेऊन तिच्या दारात बसायची. तिकडे गेल्यावर तिलाही पहिल्यांदा कागदच पुरे करावे लागले. नवीन पत्त्यावर राहायला गेलं की साधारण दोन आठवड्यांत कचेरीत नाव नोंदवायचं, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद आणायचा. तो मिळेपर्यंत बाकीची बरीच कामं अडतात. एकदा फोनवर ती म्हणाली, "मावशी, इथं मला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हेपण विचारावं लागतं. दिवसभर मी कुणाला ना कुणाला काहीतरी विचारत असते. लोक चांगले आहेत, सांगतात. पण रात्री थकून जाते गं." मी तिला म्हटलं, होईल सवय. घरच्यांना दुसरं काय म्हणता येतं? पण तिच्या बोलण्यात थंडीचं, खाण्याचं, एकटेपणाचं गाऱ्हाणं नव्हतं. ती थकली होती विचारून विचारून. ते वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं आणि गिरणीतल्या त्या दिवसानंतर परत आलं.

त्या पोत्यापाशी तो काहीच विचारत नव्हता.

गिरणीवाला सांगत होता आणि त्याने ते तपासून पाहिलं. त्याच्याकडे स्वतःचं मत होतं आणि ते खरं ठरलं. एवढ्या काळात पहिल्यांदाच मी त्याला जाणता म्हणून पाहिलं. त्याची उभं राहण्याची पद्धतच वेगळी होती. आमच्या उंबऱ्याशी उभा असतो तसा खांदे आत ओढून नाही, पाय रोवून. माझ्या मनाला जे लागून राहिलं ते हेच असावं. आपण बाहेरून आलेल्या लेकराला जेवायला बोलावतो, सणाला लाडू देतो, आजारी पडलं तर घाटी दवाखान्यात घेऊन जातो, आणि आपल्याला वाटतं की आता ते इथलं झालं. त्या सगळ्यात देणारे आपण असतो. त्याला काय येतं, हे कुणी विचारत नाही. इंग्रजी येतं का, हिंदी येते का, एवढंच विचारतो, म्हणजे आपलं त्याला किती येतं ते. माणूस एखाद्या गावात रुजतो तो तिथं त्याच्या माहितीला गिऱ्हाईक मिळतं तेव्हा, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. ज्वारीचं विचारलं. तो चमकला, मग हसला, आणि असा बोलत सुटला की मला पायरीवरच बसावं लागलं. तईझच्या माथ्यावर सबर नावाचा डोंगर आहे, उंच, आणि त्याच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. दगडाचे बांध घालून माती अडवलेली, एकेक वावर आपल्या अंगणाएवढं. आजोबांचं तिथं रान. यमनमध्ये ज्वारी हे मुख्य धान्यांतलं एक. ताट उभं असतानाच खालची पानं ओरबाडून जनावरांना घालायची, कणसं नंतर खुडायची, आणि उरलेला कडबा बांधून घराच्या गच्चीवर रचायचा. मी विचारलं, काणी पडते का? शब्द त्याला कळला नाही. मी कणसात काळी भुकटी होते ते हाताने करून दाखवलं. "हां हां!" म्हणाला, आणि त्याने त्यांच्याकडचा शब्द सांगितला. युद्धात शहरात पीठ येईनासं झालं होतं, तेव्हा आजोबांच्या कोठीतली ज्वारी घरात आली. दाणा फोडून पाहायचं काम त्याचं होतं. ओली ज्वारी कोठीत गेली असती तर सगळ्यांचं पोट गेलं असतं. तेव्हा तो जेमतेम मिसरूड फुटलेला असेल. एवढं मोठं काम त्याच्या दातांवर सोपवलेलं होतं, आणि इथं आम्ही त्याला रिक्षाचे पैसे शिकवत होतो.

रात्री वरून ढप्प ढप्प आवाज येतो तो कशाचा, हेही त्या दिवशी कळलं. मला वाटायचं व्यायाम करत असेल. तो असीद करत असतो. उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ टाकून घोटत राहायचं, हाताला कळ लागेपर्यंत, गोळा चकचकीत होईपर्यंत. मग ताटात त्याचा डोंगर करायचा, मधे खळगा, खळग्यात मटणाचा रस्सा. घोटायला त्याने शहागंजातून लाटणं आणलं होतं. लाटणं लाटण्यासाठी असतं हे त्याला ठाऊक होतं, पण एवढं जाड आणि मजबूत लाकूड दुसऱ्या कशाचं मिळेना. जिन्यात अधूनमधून मेथीचा वास भरायचा, इतका की मी एकदा यांना म्हटलं होतं, आजूबाजूला कुणी बाळंतीण आहे का, डिंकाचे लाडू चाललेत. ती मेथी वरचीच. रात्री पूड भिजत घालायची आणि सकाळी फेसाळेपर्यंत हाताने फेटायची, ती रश्श्यावर पसरतात. लसूण, टोमॅटो, हिरवी मिरची दगडावर रगडून जे करतात ते त्याने मला चाखायला दिलं. मी तोंडात घेतलं आणि काही न बोलता खाली येऊन पाटा-वरवंटा वर पाठवून दिला. मिक्सर आल्यापासून तो बाथरूमबाहेर पडून होता.

पुढे एका रविवारी मी त्याला भडकल दरवाजा दाखवायला घेऊन गेले. रोज त्याच्या खालून जात असेल, पण कुणी बांधला हे त्याला माहीत नव्हतं. मलिक अंबरने 1612 मध्ये बांधला. त्याच्या दोन वर्षं आधी, 1610 मध्ये, याच माणसाने खडकी वसवली, तेच आपलं शहर. हबसाण देशातलं, आजच्या इथिओपियातलं पोर. एका डच व्यापाऱ्याच्या नोंदीप्रमाणे ते मोखाच्या बाजारात विकलं गेलं, मग बगदाद, मग दख्खन. मोखा म्हटल्यावर मुलगा थबकला. मोखा बंदर त्याच्याच तईझ प्रांतात येतं. तो पुढे काही बोलला नाही, दरवाजाच्या कमानीकडे बघत राहिला. मलाही जास्त काही बोलावंसं वाटलं नाही. अंबर आला नव्हता, आणला गेला होता. त्याची आणि पीएचडीला आलेल्या मुलाची बरोबरी करणं बरं नाही. पण एक गोष्ट मनात आली ती सांगते. या खडकाळ गावात पाणी कुठून आणायचं, हे त्या परक्या माणसाला कळलं. उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून नळांनी त्याने शहरात खेळवलं. नहर-ए-अंबरीचं नाव आपण अजून घेतो. दरबारात त्याला किती मुजरे झाले असतील ते असोत, या गावात तो रुजला तो पाण्यामुळे, असं मला मनापासून वाटतं.

गिरणीत आता वेगळंच चालू आहे. गिरणीवाला नवीन पोतं आलं की वरच्या मुलाची वाट बघतो. आधी "ए पोरा" म्हणायचा, आता "या डाक्टर" म्हणतो. अजून पीएचडी झालेली नसली तरी. गव्हावर ज्वारी दळायची नाही, ज्वारीवरच दळायची, हे मुलगा त्यालाच बजावतो. पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून नेतो, जुनं झालं की विरी जातं आणि घोटताना फुटतं. एकदा माझ्यासमोर एका बाईने त्याला विचारलं, "भाऊ, ही मालदांडी हाये का हायब्रीड?" त्याने दाणा उजेडात धरला. मालदांडी हे नाव त्याने इथंच ऐकलेलं, पण मोत्यासारखा पांढरा, टपोरा, चकाकणारा दाणा कुठला आणि निस्तेज कुठला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बाईने घेतली. मी परभणीची, आमच्याकडे शेतकी विद्यापीठ, परभणी मोती, परभणी शक्ती अशी वाणं तिथंच निघाली. तरी त्या बाईने मला विचारलं नाही, त्याला विचारलं. मला किंचित लागलं, आणि फार आनंदही झाला.

म्हणजे सगळं मार्गी लागलं असं मात्र नाही. युद्ध लागल्यापासून तिकडच्या सरकारी शिष्यवृत्त्या वेळेवर येत नाहीत. तिकडे एकाच रियालचे एडनला एक मोल आणि सानाला दुसरं, त्यामुळे घरून पैसे निघतात तेव्हा किती असतात आणि इथं पोहोचतात तेव्हा किती उरतात याचा त्याला कधी अंदाज लागत नाही. भाडं दोन महिने थकलं की तो जिन्यातून पाय न वाजवता जातो. ज्वारीची पारख आली म्हणून भाडं भागत नाही, आणि मुदतवाढीच्या रांगेत उभं राहिल्यावर त्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही. 2024 च्या जूनमध्ये हौबानचा रस्ता उघडला. त्याची आई कितीतरी वर्षांनी लेकीच्या घरी सरळ रस्त्याने गेली. तो व्हिडिओ त्याने मला दाखवला. गाडीच्या काचेतून काढलेला, नुसता रस्ता, खड्डे, दोन्हीकडे पडकी घरं, आणि मागे आईचा आवाज, न थांबता बोलणारा. मी विचारलं, काय म्हणतायत? तो म्हणाला, कुठलं दुकान कुणाचं होतं ते सांगतेय. तो परत जाईल का, हे मी विचारलेलं नाही. मला दोन्ही उत्तरं नको आहेत.

यंदा शेजारची खोली एका सुदानी मुलाला दिली. तिकडे 2023 च्या एप्रिलपासून युद्ध पेटलं आहे. त्याच्या कागदांना आमच्या वरच्याने मला हातही लावू दिला नाही. सी फॉर्म त्यानेच भरून घेतला, मी फक्त ओटीपी सांगितला. पाणी कुठल्या दिवशी, कुठली रिक्षा, कुठला दुकानदार उधारी देतो, गाईडना सकाळी भेटावं की दुपारी, सगळं जिन्यात उभं राहून अरबीत चाललेलं असतं. सुदानी पोर मान डोलवतं, मोबाइलमध्ये लिहून घेतं. पहिल्याच आठवड्यात मात्र वरून दोघांचे आवाज असे चढले, की मी पोळीचा हात तसाच घेऊन धावत वर गेले. स्वयंपाकघरात पातेल्यातून वाफ निघत होती, लाटणं सुदान्याच्या हातात होतं आणि आमचा वरचा ते ओढून घेत होता. सुदानातही ज्वारीचंच असीद खातात. भांडण होतं ते पिठावरून. एकाचं म्हणणं, पीठ आधी गार पाण्यात कालवून मग आधणात ओतायचं. दुसऱ्याचं म्हणणं, कोरडं पीठच थोडंथोडं टाकत घोटायचं, गाठी होतात त्या घोटणाऱ्याच्या आळसाने. दोघांनी माझ्याकडे वळून विचारलं, "खाला, आप बोलो." मी सांगितलं, आमच्याकडे भाकरीला पीठ परातीत घेतात आणि उकळतं पाणी त्यावर ओततात. दोघांनाही ते साफ नापसंत पडलं.